थेंबवाले, ऊसवाले आणि गच्चीवरची टाकी

मे महिन्यात आमच्या सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये भरली. विषय एकच: टँकरचा खर्च कोणी किती सोसायचा. नळाला आठव्या दिवशी पाणी, बोअरने एप्रिलमध्येच मान टाकलेली, आणि रात्री नऊलाही फरशी पायाला चटके देत होती. पंधरा मिनिटांत मंडळींचे दोन तट पडले. एक तट थेंबवाल्यांचा. प्रत्येकाने थेंब थेंब वाचवला तर टँकर लागणारच नाही, आपल्या सवयी बिघडल्यात, आजीच्या काळी चार घागरींत घर चालायचं, वगैरे. दुसरा तट ऊसवाल्यांचा, म्हणजे उसाकडे बोट दाखवणाऱ्यांचा. मराठवाड्याचं पाणी उसाने आणि कारखान्यांनी प्यायलं, आम्ही बादलीभर वाचवून कोणाचं भलं होणार, आधी त्यांना सांगा. आवाज चढले, मग चहा आला, आणि टँकरचा खर्च नेहमीप्रमाणे सगळ्यांवर सारखा वाटून बैठक उठली.

हा वाद दर उन्हाळ्यात होतो आणि दर उन्हाळ्यात तितकाच वाईट घातला जातो. थेंबवाले पाण्याचा प्रश्न चारित्र्याचा करून टाकतात, ऊसवाले तो दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतात, आणि दोघांच्या भांडणात गच्चीवरची टाकी वाहत राहते. (त्या रात्रीही वाहत होती. बैठक चालू असताना मागच्या बाजूला पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि मोटार बंद करायला कोणी उठत नव्हतं.) माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या घरात पाणी आणि वीज यांचा हिशेब वेगळा मांडताच येत नाही. आपल्या नळातलं पाणी म्हणजे आधीच खर्ची पडलेली वीज आहे. त्यामुळे घरातली बचत हा संस्कारांचा नाही, मोजमापाचा आणि दुरुस्तीचा विषय आहे. ती केल्याने उसाचा प्रश्न सुटणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही ती केली पाहिजे. आणि उसाचा प्रश्न धसास लावायचा असेल तर जरा जास्तच नेटाने केली पाहिजे.

जायकवाडी भरलं की वर्तमानपत्रात आकडा येतो, १५२२ फूट. ही जलाशयाच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. संभाजीनगर शहर आहे साडेअठराशे फुटांच्या वर. म्हणजे पैठणहून निघालेलं पाणी पंचेचाळीसेक किलोमीटर येतं आणि वाटेत तीनशेहून जास्त फूट चढतं. जायकवाडीला पंप, ढोरकीनला पंप, फारोळ्याला शुद्धीकरण आणि पुन्हा पंप, मग नक्षत्रवाडी, तिथून गावातल्या टाक्या. नुसत्या उंचीचा हिशेब केला तरी हजार लिटर पाणी एवढं चढवायला पाव युनिटाहून जास्त वीज लागते. पंप-मोटारीत वाया जाणारी वीज आणि इतक्या लांबच्या पाइपातलं घर्षण धरलं, तर माझ्या अंदाजाने आकडा अर्ध्या युनिटाच्या खाली येत नाही. शहरात पोचलेलं पाणी आपण घरच्या हौदात घेतो आणि आपल्या मोटारीने पुन्हा गच्चीवर चढवतो. वापरून झालं की सांडपाणी म्हणून ते शुद्धीकरण केंद्राकडे जातं, तिथे पुन्हा पंप. शहरातल्या प्रत्येकाला ही साखळी तोंडपाठ आहे, फक्त तो ती वेगळ्या शब्दांत सांगतो: फारोळ्याला लाइट गेली, आता पाणी एक दिवस पुढे.

उलट बाजूही तितकीच खरी. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत बंद ठेवावं लागलं, ते कोळसा संपला म्हणून नव्हे. पाणी संपलं होतं. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच पाळी आली. कोळशावर वीज करायची तर वाफेला आणि ती थंड करायला पाणी लागतं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादाच एका युनिटामागे साडेतीन लिटरची आहे. म्हणजे रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुठल्यातरी धरणातून घोट घेत असतो, आणि वाहणारी टाकी कुठल्यातरी भट्टीत कोळसा घालत असते. बीड जिल्ह्याने हे दोन्ही टोकांनी भोगलंय. वीज केंद्राच्या चिमण्या थंड आणि गावात टँकर, अशी दोन्ही चित्रं एकाच वर्षातली.

पाणी घरात पोचवायला शक्ती लागते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होती, कारण ती त्यांना खांद्यावर जाणवायची. पैठणला नाथांच्या वाड्यातला रांजण आजही नाथषष्ठीच्या आधी भरतात. खुद्द भगवंत श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने तो भरत होता, अशी श्रद्धा आहे. कथेतली भक्ती बाजूला ठेवून क्षणभर तिच्यातलं काम बघा: देव घरी आला तेव्हा त्याला पाणी भरावं लागलं. त्याच्याइतकं न थकणारं माणूस दुसरं कुठलं मिळणार होतं? बाकीच्या घरांत श्रीखंड्या नव्हता, तिथे हे काम बायकांच्या डोक्यावर होतं, आणि वाड्यावस्त्यांत अजूनही आहे. विजेच्या मोटारीने हा भार उचलला, ही फार मोठी सोय झाली. पण तिने भार दिसेनासाही केला.

तो भार कमी करायची अक्कलसुद्धा याच मातीत होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, तेव्हा नहर-ए-अंबरी काढली ती उताराचा माग धरून. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, आपल्या वजनाने, गावात यायचं. पुढे पाणचक्कीने तर कमाल केली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आणलं, उंचावरून चक्कीवर सोडलं आणि त्यावर फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळलं. तिथे पाणी शक्ती घेऊन यायचं. आज तेच शहर शक्ती घालून पाणी आणतं. यावरून ‘चला नहरीकडे परत’ असं मी म्हणणार नाही. ज्या गावासाठी त्या नहरी होत्या ते गाव आजच्या शहराच्या एका कोपऱ्यात मावेल. पण ज्या माणसाने ती आखली त्याला पाण्याची उंची ठाऊक होती. आपल्यातल्या किती जणांना आपल्या हौदापासून टाकीपर्यंतची उंची ठाऊक आहे?

आता ऊसवाल्यांकडे येतो, कारण त्यांची बाजू भक्कम आहे आणि थेंबवाले ती कानाआड करतात. पाटाने भिजवलेला ऊस एकरी साधारण कोटभर लिटर पाणी घेतो. पाच माणसांच्या घराला शहरी मापाने, म्हणजे माणशी रोज १३५ लिटर धरून, वर्षाला अडीच लाख लिटरही लागत नाही. एका एकरात चाळीस घरांचं वर्ष गेलं. आणि हे माप शहरातल्या बहुतेक घरांना मिळतही नाही. ग्रामीण नळ योजनांचं माप तर माणशी ५५ लिटर आहे. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत, म्हणजे उपसा करणाऱ्याला हात आखडायला काही कारणच उरलं नाही. वर्षातून कितीतरी दिवस तहानलेल्या पट्ट्यात कारखान्यांच्या चिमण्या का वाढत गेल्या, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. घरातला नळ घट्ट बंद करून त्याचं उत्तर मिळत नाही. ‘तुम्ही आधी बादली वाचवा’ असं सांगून जो कोणी हा प्रश्न टाळतो, तो लबाडी करतो.

पण ऊसवाल्यांच्या हिशेबात एक चूक आहे. ते सगळे लिटर सारखे धरतात. पाटातला लिटर उताराने वाहत जातो. नळातला लिटर उपसलेला, गाळलेला, औषध घातलेला, तीनशे फूट चढवलेला असतो. टँकरमधला लिटर त्याहून महाग, आणि २०१६ च्या १२ एप्रिलला पहाटे लातूरच्या स्टेशनात शिरलेला लिटर तर मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर डिझेलवर आलेला होता. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली. त्या दिवसांत लातूरच्या एखाद्या घरात रात्रभर संडासाची टाकी गळत असेल, तर तिथून जे जात होतं ते रेल्वेचं पाणी होतं. त्याची तुलना पाटाच्या पाण्याशी कशी करणार?

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. ऊस पाणी पितो ते धरणात पाणी असताना. मे महिन्यात धरण मृतसाठ्यावर येतं तेव्हा कालवे केव्हाच कोरडे पडलेले असतात आणि उरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी राखलेलं असतं. जायकवाडीच्या मृतसाठ्यातून शहरांना पाणी द्यायची वेळ अनेकदा आली आहे. पाणी खाली गेलं की पंपाच्या नेहमीच्या विहिरीपर्यंत ते पोचत नाही, आपत्कालीन पंप लावावे लागतात, उपसा आणखी महागतो. त्या पाच-सहा आठवड्यांत घरात वाचलेलं पाणी उसाला जात नाही, शेजारच्या गल्लीला जातं. पाऊस पंधरा दिवस लांबला तर शहर तग धरेल की नाही, हे त्या वेळी उसावर ठरत नसतं, गळत्या नळांवर ठरत असतं. ऊस लावायचा की नाही हे ठरवायची वेळ त्याच्या कितीतरी महिने आधीची, आणि तेव्हा आपल्या नळाला पाणी असतं म्हणून आपण गप्प असतो. मे महिन्यात उसाला शिव्या देणं सोपं आहे. लावणीच्या हंगामात कोणी सोसायटीची बैठक बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही.

थेंबवाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांचे सल्ले ऐका: दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर कमी वेळ घ्या. हे सल्ले कुठल्या घरासाठी आहेत? ज्या घराच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्या घरासाठी. आमच्याकडे नळाला आठ दिवसांतून तासभर पाणी येतं. त्या तासात सगळं गाव एकदम जागं होतं, मोटारी थेट लाइनला लागतात, ज्याची मोटार मोठी त्याच्याकडे धार, टोकाच्या घराला फुसफुस. आणि त्या तासाच्या आधी काय होतं? आदल्या पाण्याचे भरलेले ड्रम, पिंप, हंडे रिकामे केले जातात. शिळं पाणी अंगणात, रस्त्यावर, गाडीवर. आठ दिवस जीवापाड जपलेलं पाणी दहा मिनिटांत ओतून देतात. थेंबवाले याला निष्काळजीपणा म्हणतील. मी त्या बाईला दोष देणार नाही. आठ दिवसांच्या पाण्याला वास येतो, डासांची भीती असते, आणि भांडं रिकामं केल्याशिवाय नवं पाणी घ्यायचं कशात? पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसलेला माणूस गरजेपेक्षा जास्तच भरून ठेवणार. ही उधळपट्टी पाळीच्या वेळापत्रकाने शिकवली आहे, आणि वेळापत्रक बदलल्याशिवाय ती जाणार नाही.

आजीच्या काळाचं कौतुकही मला अर्धंच पटतं. दुष्काळात बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं ठेवायचं, ते पाणी जनावराला नाहीतर परसातल्या झाडाला, हे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी केलंय. ते शहाणपण होतं, पण ती हौस नव्हती. ज्या घरात आजही दोन हंड्यांवर दिवस निघतो, त्या घराला ‘काटकसर करा’ म्हणणं हा त्या घराचा अपमान आहे. त्यांना आणखी कमी करायला उरलंय काय? उलट गरीब घरच महाग उपकरणांत अडकलेलं असतं. दोनदा रिवाइंड केलेली मोटार, कोणीतरी टाकून दिलेला जुना फ्रिज, खडखडणारा पंखा: हे सगळं स्वस्तात मिळतं आणि बिलात वसूल होतं. महावितरणच्या दरात शंभर युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट महाग आहे. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा, नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आतबाहेर. उन्हाळ्यात अठरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे रोजचं पाऊण युनिट वाचतं. दोन पंखे बदलले तर एखादं घर शंभराच्या आत राहील. पण त्या पंख्यांचे पैसे एकदम कुठून आणायचे? २०१५ नंतर सरकारने एलईडी बल्ब जसे सवलतीत आणि हप्त्याने दिले, तसेच पंखे द्यावेत अशी मागणी एखाद्या मोर्चात ऐकायला मिळाली तर मला आनंद होईल. मोफत विजेची मागणी ऐकू येते. कमी विजेवर चालणाऱ्या वस्तूची येत नाही.

मग ज्यांच्याकडे टाकी आहे, मोटार आहे, दोन संडास आहेत, त्यांनी काय करायचं? सवयींच्या आधी वस्तूंकडे बघायचं. आमच्या न्हाणीतल्या एका ठिबकणाऱ्या नळाखाली मी एकदा रात्री बादली ठेवली, सकाळी ती भरली होती. वायसर बदलायला प्लंबरने जेवढे घेतले तेवढ्यात आता दोन चहा येतील. जुन्या फ्लशच्या टाकीतून दरवेळी दहा लिटर जातात, नव्या दोन बटणांच्या टाकीतून तीन किंवा सहा; पाच माणसांच्या घरात हा फरक दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जातो, आणि त्यासाठी कोणाला साधू व्हावं लागत नाही. आंघोळीची एक बादली गरम करायला गिझर अर्धं युनिट घेतो. क्षाराच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढला की त्याहून जास्त. आरओचं तर विचारूच नका. एक लिटर गोड पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत. बोअरचं मचूळ पाणी असेल तर इलाज नाही, पण धरणाच्या पाण्याला आरओ कशासाठी? राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलंय की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ नको. आमच्याकडे तो स्वयंपाकघराची शोभा म्हणून बसतो.

कुलरचं कोडं मात्र खरोखर अवघड आहे, आणि इथे पाणी वाचवणारे आणि वीज वाचवणारे दोघेही गोंधळतात. मोठा लोखंडी कुलर रात्रभरात शंभरेक लिटर पाणी पितो आणि दीडेक युनिट वीज घेतो. दीड टनाचा एसी त्याच रात्री आठ-दहा युनिटं खातो, पाणी दिसायला शून्य. पण परळीच्या हिशेबाने त्या युनिटांमागे तीस-पस्तीस लिटर पाणी वाफ झालेलंच असतं, आपल्या घरात नाही तर दुसरीकडे. मग शहाणा कोण? मार्चमध्ये, नळ बरा चालत असताना, कुलर. मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर, उत्तर तितकं सरळ राहत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी कुलरला घालायची युक्ती बरेच जण सांगतात. ती करू नये, क्षारांनी गवत दगडासारखं होतं आणि पंप अडकतो. ते पाणी फरशीला आणि संडासाला बरं. पण खरा प्रश्न कुलर की एसी हा नाहीच. खोली इतकी का तापते, हा आहे.

ती तापते, कारण डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची होती. हातभर जाडीच्या भिंती, सागाची किलचणं, वर पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला सवणं. दुपारी आत शिरलं की मडक्यात शिरल्यासारखं वाटायचं. माळवद गेलं याचं रडगाणं गाणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत किल्लारीचं नाव सहसा नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत याच जाड भिंती आणि याच मातीच्या छतांखाली हजारो माणसं गाडली गेली. त्यानंतर ज्याला परवडलं त्याने स्लॅब टाकला, ज्याला नाही त्याने पत्रा. ती भीती खोटी नव्हती, आणि गारव्याच्या नावाखाली कोणी लोकांना पुन्हा त्या भिंतींखाली जायला सांगू नये. पण माळवदाचा गुण भिंतीशिवायही घेता येतो. गच्चीला चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परत फिरतं आणि खालची खोली तापायची थोडी कमी होते. पश्चिमेच्या भिंतीला वेल, खिडकीला बाहेरून ताट्या. हे स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही. त्याच गच्चीचा दुसरा हिशेब: हजार चौरस फुटांवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटरच्या वर पाणी हाती येतं, आणि ते आधीच वर असतं, चढवावं लागत नाही. बोअरमध्ये सोडलं की ते दुप्पट होऊन येईल अशी आशा मात्र धरू नये. खाली काळा पाषाण आहे, जिथे भेग आहे तिथेच तो पाणी घेतो.

एक आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला स्वतःला छळतो. वाचवलेलं वाचलेलं राहतं का? ठिबक आलं तेव्हा वाटलं होतं, उसाचं पाणी निम्म्यावर येईल. काही शिवारांत झालं असं की त्याच विहिरीवर दुप्पट ऊस उभा राहिला. घरातही तसंच: एलईडी आले आणि जिन्यात, कुंपणावर, देवळाच्या कळसावर रात्रभर रोषणाई सुरू झाली. पंखा बदलून वाचलेल्या पैशांत माणूस एसी घेणार नाही कशावरून? घेईल. हा आक्षेप खोडता येत नाही, त्याला बांध घालता येतो, आणि तो बांध म्हणजे माप. किती आलं, किती गेलं हे रोज डोळ्यांसमोर असेल तरच वाचलेलं दिसतं. नसेल तर ते उतारावरच्या पाण्यासारखं मिळेल त्या वाटेने निघून जातं.

म्हणून माझ्या मते सगळी गोष्ट नळाच्या मीटरवर येऊन थांबते. विजेचं मीटर दारात असतं, त्यामुळे बिल वाढलं की घरात चौकशी होते. पाणीपट्टी वर्षाची एकरकमी. टाकी वाहू द्या की कोरडी ठेवा, रक्कम तीच. शहरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पाटोद्याने घरोघरी नळाला मीटर बसवले. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि चढत्या दराची पट्टी लावून चोवीस तास पाणी दिलं. साठवायचं कारण गेलं तसं शिळं पाणी ओतायचं कारणही गेलं. मीटरच्या विरोधकांच्या शंका पोकळ नाहीत. संभाजीनगरने पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवून पाहिला आणि २०१६ मध्ये तो करार मोडला. त्या अनुभवातून आलेले लोक मीटर म्हटलं की दचकतात. दुसरी शंका तांत्रिक आणि रास्त: आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा पाइपातली हवा आधी येते आणि मीटर हवेवरच फिरतं. पण हे दोन्ही अडथळे गच्चीवरच्या टाकीच्या खाली लागू होत नाहीत. तिथे कंपनी नाही, हवा नाही. टाकीतून प्रत्येक घरात उतरणाऱ्या पाइपावर एकेक छोटं मीटर, मोटारीला वेगळं विजेचं मीटर, टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट. महापालिकेची परवानगी लागत नाही, ऊस बंद व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि उद्या कारखान्याला, बागायतदाराला ‘तुमचं पाणी घनमीटरने मोजा’ म्हणायची वेळ आली, तर निदान आपल्याकडे आपला आकडा असेल. आज तो नाही. आज त्यांनी उलट विचारलं, ‘तुम्ही किती वापरता?’ तर आपण काय सांगणार?

जूनच्या बैठकीत मी हाच ठराव मांडला. चोवीस घरं, चोवीस मीटर, टँकरचा खर्च ज्याच्या त्याच्या आकड्याप्रमाणे. चर्चा तासभर चालली. तीन घरांनी हात वर केले, त्यात एक माझं. विरोधातल्या सह्या मी घरी आल्यावर नीट वाचल्या: थेंबवाल्यांचे म्होरके पहिल्या ओळीत होते आणि ऊसवाल्यांचे दुसऱ्या, पहिल्यांदाच एका कागदावर. फ्लोटचा ठराव मात्र एकमताने मंजूर झाला, तोही टाकी तेव्हा वाहत होती म्हणून.